डोळे कोणावर वटारलेत, काकू?

शैलाकाकू,

सोसायटीच्या महिला मंडळाने मला तुमच्याविषयी चार शब्द लिहून द्यायला सांगितलंय. मी हो म्हटलं, घरी आले, कागद पुढे ओढला, आणि लक्षात आलं की मला तुमच्याविषयी काही लिहायचंच नाही. मला तुम्हाला विचारायचं आहे. ज्याला विचारायचं तेच माणूस उठून गेलं तर प्रश्न कुठे पाठवायचा, हे मंडळाला ठाऊक नसणार. म्हणून इथेच लिहिते. त्यांना नको वाटलं तर छापू नये. माझी पत्रकं याआधीही लोकांनी परत केली आहेत.

तुमचा जन्म कुठला, नोकरी किती वर्षं, मागे कोण, हे सगळं तुमच्या मुलाने पेपरात दिलं आहे. फोटोखाली ‘सदैव हसतमुख’ असं छापलंय. मी ते लाल पेनाने खोडलं. सवय तुमचीच. तुम्ही हसतमुख नव्हतात. तुमचे डोळे मोठे होते आणि ते कधी वापरायचे हे तुम्हाला नेमकं कळायचं.

मी आठ वर्षांची असेन. अष्टमीच्या दुपारी सोसायटीचं एकत्र जेवण होतं. समोरच्या हंसाबेननी मला मायेने विचारलं, दाळ केवी लागी, बेटा? मी खरं सांगायला निघाले. आई घरी म्हणायची की हे लोक डाळीत गूळ घालतात की गुळात डाळ, तेच समजत नाही. मी ‘आई म्हणते’ एवढंच बोलले आणि तीन पानं सोडून बसलेल्या तुमच्याकडे माझी नजर गेली. तुमचा हात पानात होता, तोंडात घास होता, मान जागची हलली नव्हती. फक्त डोळे वटारलेले. मी वाक्य तिथल्या तिथे वळवलं. आई म्हणते, तुमच्याकडून शिकायला पाहिजे. दुसऱ्या दिवशी हंसाबेन खरंच शिकवायला आल्या. घरात पुढे महिनाभर गोड डाळ झाली आणि आईने त्याचं खापर आजपर्यंत माझ्यावर फोडलं.

आपल्या बडोद्याच्या मराठी घरांतली ही रीत. चारचौघांत पोराला शब्दाने रागवायचं नाही. मराठीत रागावलं तर इथे सगळ्यांना मराठी समजतं, गुजरातीत रागावलं तर घरची गोष्ट स्वतःच्या हाताने दारच्या ओट्यावर आणून ठेवल्यासारखं होतं. म्हणून डोळे. मुलं त्यातच वाढतात. मीही वाढले. पण मोठी झाल्यावर मला या रीतीचा संशय येऊ लागला. ज्या घरात, ज्या कारखान्यात सगळं डोळ्यांनी सांगितलं जातं, तिथे कोणालाच काही बोलल्याचा पुरावा मागे राहत नाही. मी हे तुम्हाला एकदा म्हटलंही होतं. तुम्ही चहा ओतत होतात. म्हणालात, शांती राख ने जरा, चहा निवतोय.

कॉलेज संपलं आणि मी मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या ठेक्यावरच्या बायकांबरोबर काम करू लागले. तेव्हापासून माझं प्रत्येक पत्रक छपाईला जाण्याआधी तुमच्याकडे यायचं. पत्र्याचे भाग बनवणाऱ्या त्याच वसाहतीतल्या एका कंपनीत तुमचा जन्म तपासणी विभागात गेला होता. लाल पेनाने तुम्ही माझी विशेषणं कापायचात. ‘नराधम’ कापायचात, ‘रक्तपिपासू’ कापायचात. मी चिडायचे. तुम्ही म्हणायचात, तुकडा मापात नसेल तर टाकतात, त्याला शिव्या देत बसत नाहीत.

आपलं सगळ्यात मोठं भांडण एका शब्दावरून झालं. मी लिहिलं होतं, ‘कंपनीने कामगारांवर डोळे वटारले आहेत.’ तुम्ही पूर्ण ओळ खोडलीत.

“कंपनी वटारत नाही. कंपनी धमकावते. तसं लिही.”

मी म्हटलं, एकच आहे. तुम्ही पेन खाली ठेवलंत, आणि तुमच्या तोंडून मी कधी नव्हे इतकं लांबलचक व्याख्यान ऐकलं. रस्त्यातला गुंड डोळे वटारत नाही, तो रोखून बघतो. सासूला सून आवडली नाही तर ती नाक मुरडते, तिरपं बघते. पोलीस दरडावतो. वटारायला माणूस आपलं असावं लागतं. परक्यावर डोळे वटारून बघ, तो हसेल किंवा मारेल. आणि दुसरं, वटारतात ते चूक व्हायच्या आधी. झाल्यावर ओरडतात. कोशात ‘रागाने डोळे मोठे करणे’ एवढंच असेल, तर कोश लिहिणाऱ्याला आई नव्हती.

मला ते पटलं नाही. मला वाटलं, तुम्ही कंपनीला वाचवताय. धमकीला मी धमकीच म्हणायला हवं होतं हे आता कबूल करते. पण तेव्हा माझ्या मनात संशयाची गाठ बसली, आणि तिला कारणं होती. दर दिवाळीला कंपनीची मिठाईची पेटी तुमच्या दारात यायची आणि तुम्ही ती काचेच्या कपाटावर आठवडाभर ठेवायचात. तिथला आताचा पाळीप्रमुख, दवेसाहेब, तुमच्या हाताखाली तयार झालेला. ‘हातात मापणी धरता येत नव्हती त्याला,’ असं तुम्ही इतक्या कौतुकाने सांगायचात की माझ्या अंगाची आग व्हायची. माझ्यापुढे तुम्ही त्याला एकदाही नुसतं दवे म्हटलं नाहीत. कायम ‘माझा दवे’.

मग त्याच कंपनीत ठेक्यावर काम करणाऱ्या कोकिळाबेनचा हात प्रेसमध्ये गेला.

मंडळातल्या बायकांसाठी साधं सांगते. त्या प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हात दोन बटणांवर असले तरच वरचा ठोकळा खाली येतो, म्हणजे हात आत राहूच शकत नाही. काम भरभर व्हावं म्हणून एक बटण चिकटपट्टीने कायमचं दाबून ठेवतात. मग एक हात मोकळा होतो, आणि तोच कधीतरी आत जातो. कोकिळाबेनची उजव्या हाताची दोन बोटं गेली. कंपनीने लिहिलं की पट्टी तिने आपणहून लावली होती. तसं राहिलं असतं तर तो कामावरचा अपघात ठरला नसता. उपचार तिचे तिने करायचे आणि नोकरी तर गेलीच.

तुमच्या गॅलरीत बसून तिने आपल्या दोघींना सांगितलं. पट्टी दवेसाहेबाने लावायला सांगितली होती, पाळी सुरू होताना, सगळ्यांसमोर. ती सांगत होती तेव्हा तुम्ही मटार सोलत होतात. तुमचे हात थांबले नाहीत. मी ते पाहिलं. तेव्हापासून मी तुमचं सगळंच पाहू लागले.

पत्रक वाटलं, गेटवर बसलो, आणि कंपनीने कँटीनमध्ये बोलणी ठेवली. तुम्हाला दोन्ही बाजूंनी बोलावलं होतं. आमच्या बायका म्हणाल्या, काकी हवी. मालकाचा माणूस म्हणाला, शैलामॅडम असल्या तर बरं. दोन्हीकडून ज्याला निमंत्रण येतं त्याच्याकडे मी दोनदा पाहते, हा माझा धंदाच आहे.

तुम्ही टेबलाच्या पलीकडे, कामगार खात्याच्या अधिकाऱ्याशेजारी. मी अलीकडे, उभी. मी बोलत होते, चांगलं बोलत होते. म्हटलं, पट्टी कोणी लावायला सांगितली ते आम्हाला माहीत आहे, ते कोकिळाबेननी आम्हाला स्वतः सांगितलं आहे, त्या माणसाचं नाव…

आणि तुमचे डोळे. तीच मान, तोच स्थिर चेहरा. मी आठ वर्षांची झाले. “नाव आम्ही योग्य वेळी सांगू,” असं म्हणून मी खाली बसले. योग्य वेळ. माझ्या तोंडून. अधिकारी म्हणाला, चौकशी करू. सगळ्यांनी चहा घेतला. कोकिळाबेन पदराखाली हात धरून घरी गेली.

आपल्या जिन्यात मी तुम्हाला गाठलं. काय बोलले ते मंडळासमोर सांगायची लाज वाटते, पण सांगते, कारण न सांगता तुमच्यावर प्रश्न टाकणं हा खोटेपणा होईल. मी म्हटलं, इतक्या वर्षांच्या मिठाईला शेवटी जागलात. तुमच्या दव्याला वाचवलंत.

तुम्ही डोळे वटारले नाहीत. मी वाट पाहत होते खरं तर. तुम्ही कठडा धरलात, दोन पायऱ्या चढलात आणि म्हणालात, “तुला जे वाटतं ते वाट.” दार लागलं.

पुढचं पत्रक मी तुमच्या दाराखालून आत सरकवलं. मुद्दाम त्यात तीन विशेषणं घातली होती. दुसऱ्या दिवशी ते माझ्या दाराखालून परत आलं. कुठेही लाल खूण नाही. मी उजेडात धरून पाहिलं. त्यानंतर आपण भाजीवाल्याकडे दोनदा भेटलो आणि दोन्ही वेळा दुधीबद्दल बोललो. मग एका दुपारी तुमच्या मुलाचा फोन आला.

तिसऱ्या दिवशी बेसणं होतं. तुम्ही कायम म्हणायचात, आपल्यात हे नव्हतं, पण गुजरात्यांचं चांगलं आहे, पांढरे कपडे घालून दोन तास गप्प बसायचं, कोणाला भाषण करता येत नाही. मी कोपऱ्यात बसले. कोकिळाबेन आली, माझ्याजवळ बसली. मग हळूच म्हणाली,

“ते दिवसे काकीए मारी सामे डोळा काढ्या’ता. हुं तो ऊभी थती’ती.”

मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, तुझ्यावर? ती म्हणाली, हो, माझ्यावरच. मी बोलत असताना माझ्या मागच्या बाकावर ती बसली होती. मी नाव सांगणार असं कळताच ती उठत होती, स्वतःच सांगायला. काकींनी डोळे वटारले, तिला वाटलं काकी नको म्हणतात, काकींना जास्त कळतं, म्हणून बसली. ती उठणार होती हे मला माहीत नव्हतं. कारण मी तिला विचारलंच नव्हतं. तिचं नाव घेऊ का, ती बोलेल का, काहीच नाही. तुम्हीही विचारलं नव्हतंत. दोन शिकलेल्या मराठी बायका तिच्या बोटांचा निकाल टेबलाच्या दोन बाजूंनी लावत होत्या आणि ती मागे बाकावर.

हे पचतंय तोवर दवेसाहेब. चपला घालताना त्याने मला थांबवलं. तुमच्याकडून शिकलेल्या मराठीत म्हणाला, मॅडमनी त्या दिवशी मला डोळ्याने रोकलं. बैठकीत तो दाराशी, पाण्याच्या टाकीजवळ उभा होता. तो म्हणे सांगणार होता की बायका आपणहूनच पट्टी लावतात, त्यांना सांगावं लागत नाही. तोंड उघडलं आणि तुमचे डोळे दिसले. खोटं बोलायची हिंमत झाली नाही म्हणाला. त्याचे डोळे लाल होते.

मी त्याच्यावर विश्वास ठेवलेला नाही. गेलेल्या माणसाच्या नजरेला साक्षीदार नसतो, हे पाळीप्रमुखाला कळत असणार. खोटं बोलला नाही, ठीक. खरं तरी कुठे बोलला? पण घरी येऊन मी पत्रकाच्या पाठीमागे कँटीनचा आराखडा काढला. टेबल, तुमची खुर्ची. इकडे मी, माझ्या मागे बाकावर कोकिळाबेन, तिच्या मागे दाराशी दवे. मोजपट्टी ठेवून रेघ मारली. तिघे एका रेषेत आहोत, काकू. एका नजरेत तिघे बसतो.

म्हणजे मला थांबवलंत की तिला वाचवलंत की त्याला पकडलंत? की त्यालाच वाचवलंत? प्रत्येकाने ते डोळे आपल्यावर घेतले. तुमच्याच म्हणण्याप्रमाणे, वटारायला माणूस आपलं लागतं. तिघांनाही खात्री होती की आपण तुमचे आहोत. मी त्या कागदाकडे बघत बसले आणि मला पहिल्यांदा तुमचा राग येण्याऐवजी हेवा वाटला. मी एवढी पत्रकं वाटली. मी रागावले तर मनाला लागेल असं माणूस मला त्या कँटीनमध्ये एकही सापडलं नसतं.

पण हेवा वाटला म्हणून प्रश्न मिटला असं समजू नका. तुम्ही तोंडाने बोलायला हवं होतं. त्या दिवशी नाही तर जिन्यात, जिन्यात नाही तर दुधी घेताना. एक वाक्य. तुम्ही आयुष्यभर माझी वाक्यं तपासलीत, आणि स्वतःचं एक देताना हात आखडलात. तुम्ही दव्याच्या आणि कोकिळाबेनच्या, दोघांच्याही होतात, आणि त्या कँटीनमध्ये दोघांचंही असायला जागाच नव्हती. तुम्हाला ते माहीत होतं, असा माझा संशय आहे. संशय म्हणते, कारण त्यापुढे जायला तुम्ही काही ठेवलं नाहीत.

या मंगळवारी दुसरी बैठक झाली. जाण्याआधी मी कोकिळाबेनला विचारलं. चार महिन्यांत पहिल्यांदा विचारलं. ती म्हणाली, हुं ज बोलीश. मीच बोलेन. मग तू बस, असं तिने मला सांगितलं, आणि मी बसले, टेबलाच्या कडेला. तुमची खुर्ची कोणी काढली नव्हती, तिच्यावर फायली ठेवल्या होत्या.

ती उठली. तिने सुरुवात केली. तेवढ्यात दाराशी उभ्या असलेल्या ठेकेदाराच्या माणसाने मोबाइल वर धरला आणि तिचा चेहरा टिपायला लागला. मला लगेच समजलं. तो चेहरा संध्याकाळपर्यंत मकरपुऱ्यातल्या सगळ्या ठेकेदारांकडे जाणार. तिला कुठल्याच गेटातून आत घेणार नाहीत, बोटं असोत की नसोत. आणि काकू, माझे डोळे वटारले गेले. मी ठरवलं नव्हतं. कपाळाची कातडी वर ओढली गेली, बुबुळं जड झाली, सगळं अंग त्या दोन भोकांतून तिच्याकडे गेलं. बस खाली, बस. मला तिचा राग आला नव्हता. मी नुसती भ्याले होते.

तुम्हीही भ्याला होतात का? एवढं मी धरून चालते. कोणासाठी, ते विचारायचं राहिलं.

माझा काही उपयोग झाला नाही. वटारलेल्या डोळ्यांचं सगळं बळ समोरच्याने बघण्यात असतं, आणि कोकिळाबेन बघत नव्हती. माझ्याकडे नाही, मोबाइलकडे नाही. तिने उजवा हात पदराबाहेर काढला, टेबलावर ठेवला आणि अधिकाऱ्याकडे बघत पट्टी कोणी लावायला लावली त्याचं नाव सांगितलं. दवे भिंतीला टेकून उभा होता. तो नाही म्हणाला नाही.

अधिकाऱ्याने पेन उघडलं आणि नाव पुन्हा विचारलं. तिने पुन्हा सांगितलं, या वेळी सावकाश, त्याला लिहून घेता येईल इतकं सावकाश.